चौदाव्या आज्ञेपुढचे नाव

बातमी चार ओळींची होती आणि तिच्यात तीन चुका होत्या. पहिली नावाची, सुनंदा गावंडे हिचे त्यांनी ‘सुनीता’ केले होते. दुसरी पदाची, पंधरा वर्षे तंत्रनिकेतनात शिकवणारी अधिव्याख्याता त्यांच्या लेखी ‘संगणक ऑपरेटर’ होती. आणि तिसरी म्हणजे ‘दीर्घ आजाराने’. ती सोमवारी वर्गात शिकवता शिकवता डोके धरून खाली बसली आणि गुरुवारी सकाळी गेली. मेंदूतल्या रक्तस्रावाला दीर्घ आजार म्हणणारा माणूस बातमी लिहीत नसतो, रकाना भरत असतो. मी सवयीप्रमाणे तांबड्या शाईचे पेन घेतले, तिन्ही चुका खोडल्या, कोरा कागद ओढून ‘माननीय संपादक यांस’ इतके लिहिले... आणि तिथे हात थांबला. नाव दुरुस्त करून मागायचे, तर ते निधनवार्तांच्या सदरात दुरुस्त करून मागायचे होते. म्हणजे आधी ती गेली हे मलाच माझ्या अक्षरात मान्य करावे लागणार होते.

ती गेल्याचे मला चौथ्या दिवशी, वर्तमानपत्रातून कळावे, हाही एक पुरावाच आहे आणि तो माझ्याविरुद्धचा आहे. वर्धा ते सेलू हे काही अंतर नव्हे. जिच्या घरी मी एके काळी दर रविवारी जात असे, तिच्या मृत्यूची खबर मला कोणी फोनवर दिली नाही. कारण साडेचार वर्षांत मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. पत्नी म्हणाली, “आता तरी जाऊन या.” मी म्हणालो, “कोणत्या तोंडाने जाऊ?” ती म्हणाली, “कोणत्याही जा. फक्त तिथं जाऊन कोणाले नोटीस बजावू नका.”

शेवटी पत्र पाठवले. संपादकांनी पहिल्या दोन चुका दुरुस्त केल्या, तिसरी ‘वाचकांच्या भावनांचा विचार करून’ तशीच ठेवली. त्याच वर्तमानपत्राच्या पुरवणीत आज, सहा आठवड्यांनी, मी हे लिहीत आहे. आठवणी सांगण्यासाठी लिहीत आहे हे खरे. पण केवळ तेवढ्यासाठी नाही. सुनंदाच्या सेवापुस्तकात एक ओळ आहे. ती खोटी आहे. ती खोटी असल्याचे ज्या एकमेव माणसाला पहिल्यापासून ठाऊक असायला हवे होते, तो मी आहे.

सुनंदाचे वडील आणि मी एकाच कचेरीत, वर्ध्याच्या न्यायालयात, नोकरीला होतो. मी पुढे सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ते शेवटपर्यंत नक्कल विभागात राहिले. ज्यांचा न्यायालयाशी कधी संबंध आला नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी सांगतो. निकालाची प्रमाणित प्रत घेतली, की तिच्या तळाशी दोन सह्या असत. एक नक्कल करणाऱ्याची आणि दुसरी रुजुवात घेणाऱ्याची. रुजुवात म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने प्रतीवर बोट फिरवत शब्द न् शब्द जुळवायचा. बहुतेक जण हे काम घाईत उरकत. गावंडे उरकत नसत. त्यांचे म्हणणे असे, की प्रत चुकली तर चूक कोणाची हे शंभर वर्षांनीही कळले पाहिजे. सुनंदाने वडिलांचा रंग घेतला नाही, उंची घेतली नाही. ही एक खोड मात्र पुरेपूर घेतली.

ती नागपूरला गणितात एम.एस्सी. झाली, मग संगणकाचा अभ्यासक्रम केला आणि नव्वदच्या सुमारास आमच्याकडच्या एका शिक्षणसंस्थेच्या तंत्रनिकेतनात रुजू झाली. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. तिच्या वकिलाला आयते काम देण्याची माझी इच्छा नाही, आणि ज्यांना ओळखायची आहे ते ओळखतीलच. या संस्थेची एक पद्धत होती. दर उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, तात्पुरत्या शिक्षकांची सेवा समाप्त करायची आणि शाळा-महाविद्यालये उघडली की नवा आदेश द्यायचा. सुनंदाचे असे दहा आदेश झाले. तिच्यासारख्या आणखी सहा जणी होत्या, एकूण सात. ज्येष्ठता यादी लागली की या सातही जणी, कालपरवा लागलेल्या कायम शिक्षकांच्याही खाली. निवृत्त झाल्यावर मी या सात जणींची बाजू घेतली. त्यांनी मला तसे लेखी दिले होते. मी संस्थेला पत्रे लिहू लागलो... किती लिहिली याची मोजदाद माझ्याकडे आहे, पण ती सांगण्यासारखी राहिलेली नाही.

सेलूला सुनंदाच्या खोलीत तेव्हा सुट्या भागांतून जुळवलेला एक संगणक होता. पुढच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ गजानन याचे विजेच्या सामानाचे दुकान, मागे आई, आणि मधल्या खोलीत ही. परदेशातल्या एका विद्यापीठाने तर्क सोडवणारा एक प्रोग्रॅम तयार करून जगाला मोफत दिला होता. त्याची तबकडी तिला एका वर्गमैत्रिणीने पाठवली होती. त्याचे काम सांगायला सोपे आहे. त्याला एकेक विधान खरे धरायला सांगायचे, आणि मग विचारायचे : ही सगळी एकाच वेळी खरी असू शकतात काय? असू शकत असतील तर तो तसे सांगतो. नसतील तर विसंगती आहे म्हणतो, आणि नेमकी कोणती विधाने एकमेकांचे गळे धरून बसली आहेत तेही दाखवतो. सुनंदाला हा प्रोग्रॅम आवडला होता, पण आज्ञा घेण्याची त्याची रीत तिला पटत नव्हती. आज्ञा दिली, पाळली, संपली. कोणी दिली, कितवी होती, पाळताना काय झाले, याचा मागमूस उरत नसे. म्हणून ती त्या प्रोग्रॅमवर स्वतःचा एक भाग रचत होती. त्याला ती ‘कमांड क्लास’ म्हणे.

“क्लास म्हणजे काय?” मी विचारले होते.

“वकीलपत्राचा छापील नमुना असतो ना काका, कोरा? तो क्लास. त्यात नाव भरलं, सही केली, की ते एक वकीलपत्र झालं. नमुना एक, भरलेले कागद हजार. मी आज्ञेचा नमुना करून राह्यली.”

“आज्ञेले नमुना कायले पाह्यजे? सांगितलं, त्यानं ऐकलं.”

“तोंडी हुकूम तुमच्या कोर्टात चालते काय?”

 मग तिने दाखवले. आज्ञा चार प्रकारच्या होत्या : ‘हे खरे धर’, ‘तपास’, ‘विसंगती दाखव’ आणि ‘मागे घे’. चौघींचा मूळ नमुना एक. प्रत्येकीला अनुक्रमांक, प्रत्येकीत काय सांगितले ते, आणि पाळल्यावर काय झाले तो शेरा : स्वीकारली, नाकारली की समजलीच नाही. सगळ्या आज्ञा ओळीने साठवलेल्या. पाहिजे तेव्हा छापा, पाहिजे तेव्हा पहिल्यापासून पुन्हा चालवा. आणि या सगळ्यांत एक रकाना असा, जो त्या परदेशी विद्वानांना सुचला नव्हता : ‘कोणी सांगितले’. मी तो पाहताच म्हणालो, “अगं, हा तर रोजनामा आहे!” न्यायालयात प्रत्येक तारखेला काय घडले त्याची नोंद ज्यात होते, तो रोजनामा. ती लहान मुलीसारखी खूश झाली. तेव्हापासून त्या छापील कागदांना आम्ही दोघे रोजनामाच म्हणत असू.

संस्थेची सेवानियमावली या यंत्रात घालून पाहावी, ही कल्पना माझी. मला खात्री होती की ती नियमावली स्वतःशीच भांडत असणार. इतका उघड अन्याय करणारे पुस्तक आतून फुटलेले असलेच पाहिजे, अशी माझी श्रद्धा होती. आणि तो फुटका भाग एकदा यंत्राच्या साक्षीने दाखवला, की संस्थेला पळायला जागा राहणार नव्हती. एका रविवारी दुपारी मी नियमावलीची झेरॉक्स मांडीवर घेऊन बसलो. मी एकेक नियम वाचे. ती त्याला चिन्हांत बसवे आणि शेवटच्या रकान्यात नियमाचा क्रमांक टाके. नववा नियम : ज्याच्या सेवेत खंड नाही त्याची ज्येष्ठता पहिल्या आदेशापासून धरावी. सतरावा : तात्पुरत्या शिक्षकाची ज्येष्ठता शेवटच्या आदेशापासून धरावी. अशी तेरा विधाने झाली. चौदावे मी पान न बघता सांगितले : उन्हाळी सुट्टी हा सेवेतील खंड समजण्यात येणार नाही.

तिची बोटे थांबली. “काका, हा कोणता नियम? नंबर सांगा.”

“नंबर कायचा विचारतेस? तीस वर्षं लोकायच्या रजांच्या नोंदी केल्या म्या. सुट्टी म्हणजे खंड नाई. लिही.”

“पान दाखवता काय जरा?”

“सुनंदा, तू मले रजेचे नियम शिकवून राह्यली काय?”

ती हसली. “नाई काका. तुम्हाले कोण शिकवन? लिहिते.” आणि तिने लिहिले. शेवटच्या रकान्यात तेरा ठिकाणी नियमांचे क्रमांक होते. चौदाव्या ठिकाणी तिने टाकले, ‘काका — तोंडी’. मला ती लाडाची थट्टा वाटली. मीही हसलो.

यंत्राने उत्तर दिले : विसंगती. आणि खाली तीन ओळी आल्या. नववा नियम, सतरावा नियम आणि चौदावे विधान. सुट्टी खंड नाही, म्हणून सेवा अखंड, म्हणून ज्येष्ठता पहिल्या आदेशापासून. आणि तात्पुरती, म्हणून शेवटच्या आदेशापासून. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही! मी खुर्चीवरून असा उठलो की खुर्ची मागे पडली. आवाज ऐकून दुकानातून गजानन धावत आला.

“काय झालं काका? मॅच जिंकलो काय?”

“तुही बहीण जिंकली,” मी म्हणालो.

सुनंदा मात्र पेन्सिलीचे टोक तिसऱ्या ओळीवर ठेवून बसली होती. “काका, याची रुजुवात राह्यली.” मी ऐकले. माझे कान तेव्हाही चांगले होते, आजही आहेत. मी “होईल ना” म्हणालो, छापलेला रोजनामा तिच्याच टेबलावर ठेवला, तीन ओळी वहीत उतरवून घेतल्या आणि बस पकडली.

सोमवारी पत्र गेले, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. ‘आपल्या नियमावलीतील पुढील तीन तरतुदी परस्परविरोधी आहेत’ असे लिहून मी तीन विधाने एक-दोन-तीन क्रमाने टाइप केली होती. ‘कोणी सांगितले’ हा रकाना मी टाइप केला नाही. त्या पत्राच्या शोभेत तो खटकला असता. आणि पत्राला वजन यावे म्हणून मी एक वाक्य जोडले, की ही विसंगती आपल्याच संस्थेतील अधिव्याख्याता सुनंदा गावंडे यांनी रचलेल्या संगणकीय प्रणालीने निर्विवादपणे सिद्ध केली आहे. तिला मी विचारले होते काय? नाही. आयुष्यभर मी इतरांना संमतीशिवाय केलेल्या कृत्यांबद्दल नोटिसा लिहून दिल्या, आणि ज्या बाईची नोकरी दर उन्हाळ्यात संपत होती तिचे नाव मी तिच्या धन्यांना लिहून कळवले. याला इंडियन पीनल कोडात कलम नाही. असायला पाहिजे होते.

चौकशी संस्थेच्या सभागृहात झाली. सात जणींचा प्रतिनिधी म्हणून मी हजर होतो. सचिवांनी नियमावली सुनंदापुढे सरकवली. “गावंडे मॅडम, तुमचं यंत्र म्हणते, हे तिसरं वाक्य आमच्या पुस्तकात आहे. काढून दाखवा.” सुनंदाने पान उलटले नाही. “बरं, मग हे यंत्राले कोणी सांगितलं?”

मी तिच्याकडे पाहत होतो. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती म्हणाली, “टाइप मी केलं, सर.”

“म्हणजे चूक तुमची, का तुमच्या यंत्राची?”

मी उठलो. प्रश्न दिशाभूल करणारा आहे, साक्षीदारावर दडपण आणले जात आहे, असे बरेच काही बोललो. सचिव म्हणाले, “बसा साहेब. हे कोर्ट नाई.” मी म्हणालो, “ते दिसूनच राह्यलं.” सभागृहात दोघे-तिघे हसले. या एका उत्तराचा मला पुढे कितीतरी दिवस अभिमान होता, हे इथे नमूद करून ठेवतो. सुनंदाच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत मूळ रोजनामा होता, चारही रकान्यांसह. तो टेबलावर ठेवला असता तर तिची सुटका एका मिनिटात झाली असती. तिने पिशवीला हात लावला नाही.

महिन्याभराने तिच्या सेवापुस्तकात शेरा आला : ‘अविश्वसनीय संगणकीय साधनाच्या आधारे संस्थेची दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला.’ तिने उभी केलेली प्रयोगशाळा तिच्याकडून काढून घेतली. विभागप्रमुखाचे पद तिच्याहून सहा वर्षे मागे असलेल्या माणसाला दिले.

चौकशीच्या दिवशीच, ती संध्याकाळच्या बसची वाट बघत असताना, मी तिला वर्ध्याच्या बसस्थानकावर गाठले होते.  राग संस्थेवर होता, पण समोर ती होती.

“तू बोलली काऊन नाई? तोंड शिवलं होतं काय?”

“काय बोलू काका?” तिने पिशवी छातीशी घेतली. “तुमचं एक वाक्य खोटं निघालं असतं, तर तुमची आतापर्यंतची सगळी पत्रं त्यायनं केराच्या टोपलीत टाकली असती. आम्ही सात जणी आहो. बाकी सहा जणीयनं कोणाकडे जावं?”

“खोटं? कोणतं वाक्य खोटं?”

“घरी जाऊन नियमावली उघडजा. सतरापासून वीसपर्यंत वाचजा. मग मले सांगजा.” बस लागली. ती खिडकीशी बसली आणि तिने हात हलवला, जणू काही झालेच नव्हते.

मी नियमावली उघडली नाही. दिवाळीपर्यंत नाही. ज्या माणसाला आपले पाठांतर पुस्तकापेक्षा खात्रीचे वाटते, त्याला पुस्तक उघडणे म्हणजे अपमान वाटतो. दिवाळीच्या साफसफाईत ती झेरॉक्स हाती आली तेव्हा उभ्याउभ्याच वाचली. सतरा, अठरा, एकोणीस, वीस... मग पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या पुस्तकात सुट्टीबद्दल चकार शब्द नव्हता. माझे ते वाक्य माझ्या कचेरीच्या रजेच्या नियमांतले होते. तीस वर्षे जे रोज हाताखालून गेले, ते जगातल्या प्रत्येक नियमावलीत असणारच, असे मी धरून चाललो होतो. ते वाक्य काढले, तर संस्थेच्या नियमांत कुठेही विसंगती नव्हती. ते नियम अन्यायाचे होते, निर्लज्ज होते. पण एकमेकांशी त्यांचा पक्का मेळ होता. सुनंदाने पूर्वी एकदा सांगितलेही होते, “काका, यंत्र न्याय नाई सांगत. मेळ बसते का नाई, एवढंच सांगते.” आणि यंत्राने त्या रविवारी अगदी बरोबर सांगितले होते. मेळ बसत नव्हता तो माझ्या वाक्यामुळे. तसे त्याने नाव घेऊन छापले होते.

त्या दिवशी एक पानाचे पत्र पुरले असते. ‘चौदावे विधान माझे. नियमावलीत ते नाही. सुनंदा गावंडे यांनी ते माझे म्हणून नोंदवले होते; मी ती नोंद गाळली. माझे पत्र मी मागे घेतो.’ चार वाक्ये. हजारो वाक्ये लिहिलेल्या माणसाला चार जड झाली. स्वतःला कारण दिले, की सहा जणींचे प्रकरण बुडेल; म्हणजे तिचेच कारण चोरून वापरले. पुढे दोन वर्षांनी सातही जणींना एका सर्वसाधारण आदेशाने कायम करण्यात आले. तो आदेश वरून आला, माझ्या पत्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आता ते कारणही उरले नव्हते. तरी मी लिहिले नाही. सेलूला जाणे तर मी त्या दिवाळीपासूनच बंद केले होते. तिचा शेरा तसाच राहिला. कायम नोकरीत, कायम शेरा.

या काळात तिने काय केले? तिने आपला कमांड क्लास त्या परदेशी विद्यापीठाला पाठवला. त्यांनी तो तपासला, शंका विचारल्या, तिने उत्तरे दिली, आणि प्रोग्रॅमच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी तो घेतला; ‘कोणी सांगितले’ या रकान्यासकट, आणि ज्यांनी काम केले त्यांच्या यादीत तिचे नाव घालून. पुढे एकदा बसस्थानकावरच गाठ पडली तेव्हा तिने मला त्या यादीचा कागद दाखवला. मी तो वाचला, परत दिला, आणि संस्थेला शिव्या घातल्या. ज्या साधनावर सातासमुद्रापलीकडचे लोक विश्वास ठेवतात त्याला हे गावगुंड अविश्वसनीय म्हणतात, वगैरे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “पत्रं सुरू आहेत ना काका?” मी म्हणालो, “आहेत तर!” “मंग ठीक,” ती म्हणाली. ही आमची शेवटची भेट. तिच्या त्या प्रश्नात काय होते याचा मी गेले सहा आठवडे विचार करतो आहे. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते.

तेरवीच्या दिवशी मी ती चार वाक्ये लिहिली. रजिस्टर, पोचपावतीसह. शेरा खोडावा, तो चुकीच्या माहितीवर आधारलेला आहे, आणि चुकीची माहिती देणारा मी आहे, असे स्पष्ट लिहिले. उत्तर दहा दिवसांत आले. संस्थेने माझ्या पत्राला इतक्या तत्परतेने कधीच उत्तर दिले नव्हते. ‘संबंधित कर्मचारी मयत असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आले आहे.’ नस्तीबद्ध! माणूस मयत झाला म्हणून त्याच्यावरचा आरोप मयत होत नाही, तो तांबड्या फितीत बांधून जपून ठेवला जातो. आणि हेच लोक तिच्या शोकसभेत दोन मिनिटे उभे राहिले होते. शिवाय खाली एक ओळ होती : ‘आपल्या कथनाच्या पुष्ट्यर्थ कोणताही समकालीन कागद जोडलेला नाही.’ ही ओळ मात्र कायद्याने बरोबर होती. समकालीन कागद मी स्वतः सेलूच्या टेबलावर सोडून आलो होतो.

मागल्या रविवारी गेलो. गजानन दुकानाच्या पायरीवर होता. मला वाटले होते तो तोंड फिरवील. तो उठला आणि त्याने स्टूल पुसले. “या काका. लई दिवसानं.” एवढेच.  मी कामाचे सांगितले. तो म्हणाला, “कागद म्या पाह्यला नाई. पण ताईच्या कॉम्प्युटरात तुमच्या नावाची फाइल आहे. दोन आहेत. ताईनं मले चालू करणं शिकवलं होतं.”

मधली खोली तशीच होती. तिचा चष्मा, तिची कापडी पिशवी खुंटीला. गजाननने संगणक सुरू केला. पहिली फाइल त्या रविवारची. चौदा आज्ञा, चौदाव्या ओळीत ‘काका — तोंडी’, खाली विसंगती आणि तीन ओळी. समकालीन कागद मिळाला. मला तेवढाच हवा होता. पण दुसरी फाइल होती. गजाननने ती चालवली. तेच तेरा नियम, तेच माझे चौदावे विधान; एकेक आज्ञा ‘स्वीकारली’ म्हणत गेली, आणि मग पंधरावी आज्ञा आली : ‘चौदावे मागे घे’. तिथे यंत्र थांबले.

“काका, हे नाव मागून राह्यलं.”

मी वाकून पाहिले. पंधराव्या ओळीत आज्ञा लिहिलेली होती, ‘कोणी सांगितले’ हा रकाना कोरा होता. नावाशिवाय आज्ञा पुढे सरकू नये अशी तिने त्या नमुन्यात व्यवस्थाच केली होती.

“तिनं स्वतःचं नाव काऊन नाई टाकलं?” मी विचारले. 

“म्या बी विचारलं होतं एकदा,” गजानन म्हणाला. “म्हणे, ज्यानं सांगितलं त्यानंच मागं घ्यायचं असते. म्या म्हटलं, अवं ते कधी येतीन? म्हणे, येतीन.”

साडेचार वर्षे ती फाइल तशी थांबून होती. तिला काही अडत नव्हते. स्वतःचे नाव टाकून, कागद छापून, सचिवांच्या टेबलावर आपटून ती मोकळी होऊ शकली असती. पण दुसऱ्याचे विधान आपण मागे घेणे हेही तिच्या लेखी खोटेच होते, आणि माझ्याकडून ते मागून घेणे तिला जमले नाही. माझ्यासारख्या माणसाकडे काही मागायचे म्हणजे काय, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होते.

मी खुर्ची ओढली. टंकलेखनाची मला सवय आहे. बोटे अडखळायला नको होती. ‘वामन गोविंद ढगे’ असे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, इंग्रजी अक्षरांत घातले आणि कळ दाबली. पंधराव्या आज्ञेपुढे ‘स्वीकारली’ असे आले. का, कधी, इतका उशीर कशासाठी, असे काहीही त्याने विचारले नाही. खालच्या ओळीत उत्तर आले : विसंगती नाही.

“झालं काय काका?” गजाननने विचारले.

दोन्ही रोजनामे, सगळ्या रकान्यांसह, मंगळवारी संस्थेकडे गेले आहेत. शेरा खोडला जाईपर्यंत दर मंगळवारी एक पत्र जाईल, आणि मी गेलो म्हणजे ते प्रकरण नस्तीबद्ध होणार नाही अशी व्यवस्था मी करून ठेवत आहे. गजाननने तसे कबूल केले आहे. त्या दुपारी मात्र ‘झालं काय’ एवढे विचारून तो चहा सांगायला आत गेला. पडद्यावर पुढच्या आज्ञेसाठी सोळावी ओळ आपोआप उघडली होती आणि तिच्या शेवटी तो रकाना नाव मागत उघडझाप करीत होता. मी चहा येईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिलो.